एक्केचाळीस सेकंद

३ जून

मायना लिहीत नाही. काय लिहावा ते ठरेना, आणि त्यापायी कागद फुकट घालवायची इच्छा नाही.

सहा वर्षांनी ताईचं पत्र बघून तुला वाटेल, आईचं काही झालं. तसं काही नाही. गुडघ्यांची कुरकुर सोडली तर आई बरी आहे. मी तुला लिहितेय हे तिला माहीत नाही आणि तूही सांगू नकोस. हाताने लिहिण्याचं कारण सरळ आहे. आमच्या रुग्णालयातल्या कॉम्प्युटरवर लिहिलेलं कोण कोण वाचतं याचा मला भरवसा नाही. फोन करावा तर तू गोड बोलशील आणि मी विरघळेन.

प्रश्न एकच आहे. मार्चमध्ये आमच्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत एक मशीन बसवलं. पाठीमागच्या पट्टीवर तुझ्या कंपनीचं नाव आहे. ते तू बनवलंस का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

तुला काम माहीत आहे, तरी आता ते कसं चालतं ते सांगते. पूर्वी रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक पेशी बघायची. बावीस वर्षं मी तेच केलं. आता काच मशीनमध्ये जाते. ते फोटो काढतं, पेशींच्या जाती लावतं आणि पडद्यावर निकाल देतं. मी फक्त बटण दाबायचं. पटलं तर हिरवं, नाही पटलं तर लाल. लाल दाबलं की काच मायक्रोस्कोपखाली घ्यायची, कारण लिहायचं, वर पाठवायचं.

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो. वर लिहिलेलं असतं, 'असहमती'. महिन्यात मी किती वेळा लाल दाबलं, ते तिथे दिसतं. दहाच्या पुढे गेला की तो पिवळा होतो. पिवळा झाल्यावर काय होतं ते कुणी सांगितलेलं नाही. एप्रिलमध्ये आमच्यातल्या तिघींना दुसरीकडे हलवलं, आणि त्या तिघींचा आकडा पिवळा होता, असं मास्तर म्हणतात. मास्तर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे. येईल त्याला शिकवायची सवय, म्हणून हे नाव. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. त्यांचा आकडा गेले दोन महिने शून्य आहे. "अहो, मशीन चुकतच नाही हो," म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

उत्तर पाठव.

ताई (हा शब्द वापरू नकोस, असं मीच तुला म्हणाले होते, लक्षात आहे. मी लिहू शकते.)


१९ जून

तुझं पत्र मिळालं. इतकं नीटनेटकं आहे की दोनदा वाचलं, हे तुझ्या हातचं की तुमच्या त्या यंत्रांपैकी एखाद्याकडून लिहून घेतलंस ते कळेना. मग तिसऱ्या ओळीत 'तिथे'चा 'तीथे' केलेला दिसला आणि जरा धीर आला.

तर तू म्हणतोस, हो, त्या गटात होतास, पण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कामावर गेलास. आणि मशीन लाखो काचांवर शिकलं, त्यात माझ्या जेमतेम चारशे होत्या. म्हणजे मी उगाच सहा वर्षं रागावले होते, असंच ना?

तू तीन आठवडे माझ्या शेजारी बसला होतास. वही, तो छोटा रेकॉर्डर. मला वाटलं, धाकट्याला अखेर बहिणीच्या कामाचं कौतुक वाटतंय. मी घसा बसेपर्यंत बोलले. ही पेशी अशी का, ती तशी का, डाग कोणता आणि रोग कोणता. तोवरच्या सोळा वर्षांत कुणी मला एवढं विचारलं नव्हतं. नंतर कळलं की तू नोकरीवर होतास. चारशे होत्या की चार लाख, मला फरक पडत नाही. खरं सांगायचं तर थोडा पडतो. चारशेच, हे वाचून वाईट वाटलं. हसू नकोस.

मागच्या वेळी एक गोष्ट लिहिली नव्हती. मे महिन्याच्या शेवटी एक बाई आल्या होत्या. शाळेची बस चालवतात. वय चाळिशीच्या अलीकडचं. ताप येऊन गेलेला, हिरड्यांतून रक्त, दंडावर निळे डाग. प्लेटलेट कमी होत्या, पण त्या दिवसांत तापाच्या दर दुसऱ्या माणसाच्या कमीच येत होत्या. मशीनने निकाल दिला, संसर्गामुळे झालेले बदल, बाकी ठीक. माझ्या टेबलावरून तो पुढे गेला. चार दिवसांनी शाळेच्या आवारात बस लावताना त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मुलं उतरून गेली होती, एवढंच नशीब. दुसऱ्या रुग्णालयात कळलं, रक्ताचा कर्करोग. असा प्रकार, की ओळखून लगेच औषध दिलं तर बहुतेक माणसं बरी होतात. धोका असतो तो ओळखेपर्यंतच्या दिवसांत.

बाई वाचल्या. उजवा हात आणि बोलणं गेलंय. येईल म्हणतात हळूहळू.

मशीनला कर्करोगाची पेशी ओळखता आली नाही. मलाही काही दिसलं नाही, हे आधीच सांगते. पण तुमच्या मशीनला का दिसलं नाही ते मला कळायला हवं. आता टाळू नकोस.

ताई


२ जुलै

चौकशी सुरू झाली. तुमच्या कंपनीचं निवेदन आम्हाला वाचून दाखवलं. त्यातलं एक वाक्य पाठ झालंय: 'यंत्राचा निकाल ही केवळ सूचना असून अंतिम निर्णय प्रशिक्षित व्यक्तीचा असतो.' खाली प्रशिक्षित व्यक्तीचं नाव. माझं.

रुग्णालय म्हणतं, आम्ही मान्यताप्राप्त मशीन घेतलं. कंपनी म्हणते, माणूस बसवला होता. दोघांनी हात वर केले आणि मध्ये मी. मला तिथे तपासायला ठेवलंय अशा समजुतीत होते. मला ठेवलंय सही करायला, म्हणजे पुढेमागे खापर फोडायला डोकं हाताशी असावं. हे तुला तेव्हाच माहीत होतं का? रेकॉर्डर लावून बसला होतास तेव्हा?

आमच्या विभागप्रमुख, त्यांना सगळे मॅडम म्हणतात, त्यांना मी विचारलं. "तो आकडा पिवळा झाला की माणसं हलवता ना तुम्ही?"

"कोण म्हणालं?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी कधी कुणाला लाल दाबू नका म्हणाले? एक कागद दाखवा."

कागद नाहीच. बोललेलंही कुणाला आठवत नाही. मी मास्तरांना म्हटलं, "तुम्हीच सांगितलं होतं ना?" ते म्हणाले, "मी अंदाज सांगितला हो. आपल्यात बोलतो तसं." आणि काचांचा डबा पुसत बसले. तो डबा स्वच्छच होता. मला वाटतं, माझ्याबद्दल मॅडमना तेच काहीतरी सांगत असावेत. गेल्या आठवड्यात दोनदा ते त्यांच्या खोलीतून बाहेर येताना दिसले. आधी मी असा विचार केला नसता.

काल त्या बाईंना बघायला गेले. फुलं वगैरे नेली नाहीत, नेण्यासारखं तोंड नव्हतं. प्रयोगशाळेतून आलेय एवढंच सांगितलं. त्यांचा नवरा सुतार आहे. खाटेच्या दांड्याला त्याने लाकडाची मूठ बसवलीय, डाव्या हाताने धरून त्यांना उठता यावं म्हणून. कड इतकी गुळगुळीत घासलीय की मी उगाच हात फिरवत राहिले. तो म्हणाला, "मशीन चुकलं म्हणतात. मशीनला काय बोलणार?" बाई माझ्याकडे बघत होत्या. बोलता येत नसलं की माणूस फार बघतो.

मी तिथून निघाले. घरी आल्यावर आईने विचारलं, कुठे गेली होतीस. बाजारात, म्हटलं. पिशवी रिकामीच होती.


११ जुलै

तुझ्या पत्रातली एक ओळ: 'प्रत्येक काचेची नोंद राहते ताई, कोणी कोणता फोटो किती वेळ मोठा करून पाहिला, तेसुद्धा. मला खरं सांग.'

हे वाचून पहिल्यांदा वाटलं, धमकी देतोय. कंपनीने सांगितलं असेल, बहिणीकडून काढून घे. मग दोन दिवस मी तुझं पत्र मायक्रोस्कोपच्या खोक्यात ठेवलं. काल संध्याकाळी बाहेर काढलं. तू धमकी देत असशील किंवा नसशील. नोंद तर आहेच.

मी ती पेशी पाहिली होती.

पडद्यावर फोटोंची रांग होती, संसर्गाच्या पेशी म्हणून लावलेली. सातवा की आठवा. पेशी जरा मोठी, आत बारीक सुयांचा जुडगा असल्यासारखं. अशी पेशी एक जरी दिसली तरी धावत जाऊन डॉक्टरांना गाठायचं असतं. तुला मीच सांगितलं होतं हे. मी फोटो मोठा केला. रंगाचा ओघळ असेल असंही वाटलं, रंग कधी कधी असा जमतो. काच घेऊन मायक्रोस्कोपखाली धरली असती तर एका मिनिटात सोक्षमोक्ष. पण त्यासाठी लाल दाबावं लागतं. माझा आकडा दहा होता.

आदल्या आठवड्यात तीन लाल चुकीचे ठरले होते. मॅडम सहज म्हणाल्या होत्या, "डोळ्यांचा नंबर तपासून घ्या हं." सगळ्यांसमोर. मास्तर हसले होते.

मला खात्री असती तर मी लाल दाबलं असतं, असं मी महिनाभर स्वतःला सांगतेय. पण खात्री नसतानाच तर बघायचं असतं. खात्री असल्यावर बघायला कोण जातं?

मी हिरवं दाबलं. पुढची काच घेतली. दुपारचे साडेतीन वाजले होते, कुणीतरी चहा आणला होता.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तू हे कंपनीला दिलंस तर मी संपले. हे माहीत असूनही लिहितेय. का, ते विचारू नकोस. दुसरं कुणी नाही, हे कारण असेल.

ताई


३० जुलै

पाकीट जाड होतं म्हणून मला वाटलं, वकिलाची नोटीस. तुझे कागद निघाले.

पहिला कागद मी नीट वाचला. तू केलेला पडद्याचा पहिला आराखडा, तारखेसकट. कोपऱ्यात तोच आकडा, तीच जागा. पण वर लिहिलंय, 'यंत्राच्या चुका'. तुझी टीपही आहे: माणसाने जितक्या वेळा यंत्राला नाकारलं, तितक्यांदा यंत्र पुन्हा तपासावं. आकडा दहाच्या पुढे गेला तर यंत्र दुरुस्तीला.

दुसरा कागद म्हणजे तू त्या गटात असताना, मशीन घ्यायची बोलणी चालली होती तेव्हा, आमच्या रुग्णालयाकडून आलेली विनंती. कर्मचाऱ्यांना हा शब्द गोंधळात पाडेल, 'असहमती' असं करावं, आणि आकडा वरिष्ठांनाही दिसावा. खाली तुझं उत्तर, एका ओळीचं: 'बदल केला आहे.'

तू लिहितोस, दहा मिनिटांचं काम होतं. दोन शब्द खोडून एक लिहायचा. त्या दिवशी दुसरं काहीतरी तातडीचं होतं. एक शब्द बदलला आणि यंत्राची झाडाझडती घेणारा आकडा आमच्या मानगुटीवर बसला, हे तुला तेव्हा सुचलं नाही. की सुचलं होतं? एकदा वाटतं, तू खरं बोलतोयस. एकदा वाटतं, अर्धं खरं सांगून उरलेलं झाकायची कला आपल्या घरात दोघांनाच अवगत आहे.

तू दिलेले कागद समितीपुढे ठेवायचे म्हणजे ते कुणी दिले हे सांगावं लागेल. तुझी नोकरी जाईल. 'मी स्वतः येईन' असं लिहिलंयस. येशील असं मला वाटत नाही. राग मानू नकोस. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळीही तू गाडीत बसलो म्हणाला होतास आणि आला नव्हतास.

मी माझं आधी उरकलं. सोमवारी त्या बाईंना आणि सुताराला भेटले. आता त्या घरी आल्या आहेत. खोलीत लाकडाचा वास, खिडकीशी त्यांची खुर्ची. मी उभ्यानेच सांगितलं. "मशीन चुकलं हे खरं आहे. पण मला ती पेशी दिसली होती. मी थांबायला हवं होतं. नाही थांबले."

सुताराने हातातली पट्टी खाली ठेवली. "किती वेळ बघितलीत?"

"नोंदीत आहे. एक्केचाळीस सेकंद."

तो मनात काहीतरी करत होता, बहुधा एक्केचाळीस सेकंद किती असतात ते बघत होता. मग म्हणाला, "मग का?"

मी आकड्याचं सांगितलं. सांगताना मला ते किती क्षुल्लक आहे हे ऐकू आलं. कोपऱ्यातला एक आकडा. पिवळा.

"भीती वाटली," तो म्हणाला.

"हो."

"आमच्या हिला चार दिवस चक्कर येत होती. रजा घेतली तर गाडी दुसऱ्याला देतील म्हणून गेली ती कामावर." त्याने बायकोकडे बघितलं. "तुम्ही जा आता."

बाईंनी डावा हात उचलला. थांबा म्हणत होत्या की जा, मला कळलं नाही. मी गेले.


२३ ऑगस्ट

सुनावणी संपल्यावर तुला शोधलं. जिन्यावरून उतरताना तुझी पाठ दिसली, हाक मारेपर्यंत तू रस्त्यावर होतास. म्हणून हे पत्र.

तुला दारातून आत येताना पाहिलं तेव्हा वाटलं, आला कंपनीच्या बाजूने बोलायला. इस्त्रीचा शर्ट होता. अध्यक्षबाईंनी विचारलं, "आपण कंपनीतर्फे?" तू म्हणालास, "नाही. कंपनीने येऊ नका म्हणून सांगितलंय." मग कागद वाचलेस. 'बदल केला आहे' ही ओळ वाचताना थांबलास, आणि म्हणालास, "हे मी केलं. मला सांगितलं होतं, पण केलं मी." इतकंच. मी माझं निवेदन त्यानंतर दिलं. तू आधी बोललास म्हणून मला सोपं गेलं, हे लिहिताना जड जातंय.

मास्तरही उठले, तू तेव्हा बाहेर गेला होतास. म्हणाले, "एप्रिल आणि मे, दोन महिने मी एकही निकाल बघितलेला नाही. नुसतं हिरवं दाबलंय. माझा शून्य आकडा बघून कुणी विचारलं नाही, की हा माणूस झोपलाय का." मी त्यांच्याबद्दल काय काय धरून बसले होते. मॅडमच्या खोलीत ते रजेसाठी जात होते, पत्नीच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं.

निकाल ऐक. मला तीन महिने कामावरून दूर आणि नोंदवहीत ठपका. मास्तरांच्या दोन महिन्यांच्या सगळ्या काचा पुन्हा बघणार. मॅडमना समज. मशीन राहणार. आकडा पडद्यावरून काढणार. काढणार म्हणजे आम्हाला दिसणार नाही. मोजणं थांबवणार का, हे मी विचारलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, तो तांत्रिक भाग आहे. म्हणजे मोजतच असतील.

तुझं काय झालं ते कळव. आईला मी सगळं सांगितलंय. ती इतकंच म्हणाली, दोघांनीही आधी सांगायचं होतं. मग गुडघ्याला तेल लावत बसली.


२८ नोव्हेंबर

धाकट्या,

नवीन नोकरीचं वाचलं. शाळेत शिकवशील असं कधी वाटलं नव्हतं. मुलांना घाबरवू नकोस.

सोमवारी मी कामावर परत गेले. पडद्याचा कोपरा रिकामा आहे. त्या रिकाम्या जागेकडे मी दिवसभरात किती वेळा बघितलं याचीही कुठेतरी नोंद होत असेल. मी नऊ वेळा लाल दाबलं. सातदा मशीन बरोबर होतं. कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणंही मला सरळ वाटलं नाही. आता हा स्वभावच झालाय.

काल सकाळी सुतार नमुने घ्यायच्या खिडकीशी आला. हातात बाईंच्या रक्ताची नळी आणि डॉक्टरांची चिठ्ठी. औषध लागू पडलंय, पण दर महिन्याला रक्त बघावं लागतं. खिडकीतल्या मुलीला तो म्हणाला, "ही त्यांनीच बघायची." माझ्याकडे बोट.

मी बाहेर गेले. म्हटलं, "दुसऱ्या कुणाला देते. मास्तर चांगले आहेत, आता तर डोळ्यात तेल घालून बघतात."

"नको," तो म्हणाला. "माझा तुमच्यावर विश्वास नाही. पण तुम्हाला माहीत आहे, न बघितल्यावर काय होतं. दुसऱ्याला ते नुसतं सांगून कळणार नाही." नळी खिडकीत ठेवत म्हणाला, "हिनेच पाठवलंय. लिहून दिलं डाव्या हाताने. मला पटलेलं नाही."

"मग?"

"मी इथे उभा राहतो."

काच मी स्वतः पसरली, रंगवली. मशीनमध्ये घातलीच नाही. तसं चालत नाही, कारण लिहावं लागेल, लिहीन. मायक्रोस्कोप खिडकीसमोर ओढून घेतला. एका कडेपासून सुरुवात केली, रांगेमागून रांग. जुडगा नाही. सुया नाहीत. साध्या, निरोगी, कंटाळवाण्या पेशी. दुसऱ्या कडेला पोचले आणि परत पहिल्यापासून बघितलं. पाठ आखडली. मधूनच मान वर केली तर तो काचेपलीकडे तसाच उभा होता, हाताची घडी घालून, माझ्या हातांवर नजर. मार्चपासून माझ्यावर सतत कुणीतरी नजर ठेवून आहे, पण त्यातलं एक माणूस दिसलं ते काल पहिल्यांदा. मी खाली वाकले आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली. तो हलला नाही.

दुपारी त्याला निकाल दिला. त्याने वाचला, घडी केली, खिशात ठेवला. "पुढच्या महिन्यात," म्हणाला, आणि गेला.

रविवारी घरी ये. आईला सांगितलेलं नाही, तू येशीलच असं मी अजून धरत नाही.

ताई